वाचकांचे प्रश्न: लहान मुलांना घेऊन दिवसभर बाहेर, आणि खर्च आटोक्यात

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर निघाली, पोरांना घेऊन बाहेर जायचंय पण परवडत नाही. मी बरीच वर्षं बालवर्गाला शिकवलंय आणि घरात दोन मुलं वाढवलीयत, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि पत्रं वाचताना खूप ठिकाणी माझेच दिवस आठवले. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात असे सात घेतलेत.

प्रश्न: ताई, मला चार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी आहे. महिन्यातून एकदा आम्ही चौघं बाहेर जातो. सकाळी ठरवून निघतो की आज खर्च कमी करायचा, आणि रात्री हिशोब केला की ठरवल्याच्या दुप्पट गेलेले असतात, वर दोन्ही पोरं रडून रडून झोपलेली. नक्की चुकतंय कुठे?

माझी मुलं लहान होती तेव्हा मी एक वही ठेवली होती, बाहेर गेलो की कुठे किती गेले ते लिहायचं आणि शेजारी किती वाजता गेले तेही लिहायचं. वेळ का लिहीत होते ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं, पण चार-पाच महिन्यांनी वही उघडून बघितली तर लख्ख दिसलं की सकाळच्या खर्चाने आमचं काही बिघडत नव्हतं. तिकीट, बसचे पैसे, बस. सगळी गळती दुपारी दोन-तीननंतरची होती. पोरगं पेंगतंय म्हणून बस सोडून रिक्षा, भूक लागली आणि डबा संपला म्हणून समोर जे दिसेल ते, आणि रडायचा थांबावा म्हणून घेतलेलं खेळणं जे घरी पोचायच्या आत मोडलं. हा सगळा पैसा आम्ही मजेवर घालवलाच नव्हता, थकव्यावर घालवला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की दिवस छोटा करा. दीड वर्षाच्या बाळाला दिवसभराच्या डुलक्या धरून ११ ते १४ तास झोप लागते आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले आकडे आहेत. आपण सहलीच्या दिवशी त्यातली दुपारची झोपच खाऊन टाकतो आणि मग संध्याकाळी पोरं हट्टी झाली म्हणतो. सकाळी लवकर निघा, एकच ठिकाण ठेवा, आणि लेकीच्या झोपेच्या वेळेच्या आधी परतीच्या वाटेला लागा, म्हणजे वाटेत झोपली तरी घरी येऊन नुसतं गादीवर ठेवायचं. तीन तास पुरतात. खरंच पुरतात. मोठ्या माणसांना वाटतं एवढा खटाटोप करून गेलोय तर अजून एक जागा बघून घेऊ, आणि ती जी अजून एक जागा असते ना तिथेच सगळं बिघडतं.

डब्याचं म्हणाल तर पोर भूक लागली म्हणायच्या आधी द्यायचं. उद्यानात पोचल्या पोचल्या दोन घास, मग खेळ. शिजवलेलं नाशवंत अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये आणि ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावं, त्यामुळे असल्या दिवशी कोरडा खाऊ आणि फळंच न्यावीत हे बरं. पाणी मात्र वाटतं त्याच्या दीडपट भरा.

आणि खेळण्याचा विषय घरातच संपवून निघा. दुकानासमोर उभं राहून नाही म्हटलं की चार वर्षांच्या मुलाला ते अन्यायच वाटणार, त्याच्या जागी आपण असतो तरी वाटलं असतं. चपला घालताना शांतपणे सांगायचं, आज आपण काही विकत घेणार नाही, डबा खायचा आणि घसरगुंडी खेळायची. मग तिथे गेल्यावर तुम्ही आपला शब्द मोडायचा नाही, कारण एकदा मोडलात की पुढच्या वेळी त्याला रडून बघावंच लागतं.

प्रश्न: नमस्कार. मी आजोबा आहे. मुलगा-सून कामावर जातात म्हणून तीन वर्षांच्या नातीला मी बागेत नेतो. ती झोपाळ्याकडे बघतही नाही, एका कोपऱ्यात बसून खडे आणि वाळकी पानं गोळा करते, तीही रोज तीच. मी तिला वेगवेगळ्या ठिकाणी न्यायला हवं का? घरच्यांना वाटतं मी नातीला कंटाळवाणं करतोय.

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही काहीही चुकीचं करत नाहीयात.

एक गोष्ट सांगते. डेन्मार्कमध्ये सोरेनसन नावाचे बागा आखणारे वास्तुरचनाकार होते, त्यांच्या लक्षात आलं की आपण एवढ्या सुंदर बागा आखतो पण मुलं तिकडे न येता बांधकामाच्या पडीक जागेत लाकडं आणि विटा घेऊन खेळतात. मग १९४३ मध्ये, ऐन युद्धाच्या काळात, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात तसंच एक मैदान मुद्दाम तयार झालं, जिथे तयार खेळणी नव्हती, भंगार सामान होतं, फळ्या होत्या, माती होती. मुलं तुटून पडली. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश कलाकाराने या सगळ्याला सुटे भाग असा शब्द वापरला. म्हणजे जी वस्तू उचलता येते, हलवता येते, रचता येते आणि मोडता येते तिच्यात मूल जास्त रमतं, कारण तिचं काय करायचं हे मूल स्वतः ठरवतं. झोपाळा कसा खेळायचा ते आधीच ठरलेलं असतं. खड्याचं तसं नाही, तो आज पैसा होतो, उद्या अंडं होतो, परवा भातुकलीतलं जेवण होतो.

उद्या तिच्या शेजारी उकिडवे बसा आणि पंधरा मिनिटं काही न बोलता नुसतं बघा. माझ्या वर्गातली एक मुलगी असेच खडे गोळा करायची, आम्हाला वाटायचं उगाच चाललंय, आणि एक दिवस मी जवळ जाऊन बसले तर ती प्रत्येक खडा आधी गालाला लावत होती आणि मगच कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवत होती. गार एका बाजूला, गरम दुसऱ्या बाजूला. सावलीतले आणि उन्हातले खडे ती वेगळे करत होती! तीन वर्षांची मुलगी, आणि कोणीही न शिकवता. तेव्हापासून मी मुलांना काय करतोस असं विचारणं बंद केलं, आधी बघते.

रोज तीच जागा हे तर उत्तमच. आपल्याला नवीन जागा लागते कारण जुनी आपण बघून टाकलेली असते, मुलाची बघून झालेली नसते. पहिल्या दिवशी ते जरा बिचकतं, तिसऱ्या दिवशी त्याला कळतं पायरी कुठे आहे, नळ कुठे आहे, कुत्रं कुठे झोपतं, आणि मग दहाव्या दिवशी खरा खेळ सुरू होतो. बागेत जायला पैसे पडत नाहीत म्हणून ती कमी दर्जाची सहल असं घरच्यांना वाटत असेल तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. फक्त एक पिशवी वेगळी ठेवा खड्यांसाठी, आणि ती घरी आल्यावर लगेच रिकामी करू नका.

खडे तोंडात घालत असेल तर मात्र लक्ष हवं, तीन वर्षांच्या आतल्या मुलांसमोर बारीक वस्तू असल्या की डोळा हलवायचा नाही.

प्रश्न: मोठा सात वर्षांचा, धाकटी दोन वर्षांची. एकाला जे आवडतं ते दुसरीला झेपत नाही. दोघांना एकत्र कुठे नेऊ?

मोठ्याला काम द्या. नुसतं बहिणीला सांभाळ हे काम नव्हे हं, त्याचं स्वतःचं काम. एक खडू आणि एक काठी द्या, पोचल्यावर काठी मातीत रोवायची, सावलीच्या टोकाला खूण करायची, आणि दर अर्ध्या तासाने येऊन नवीन खूण करायची. सकाळी सुरू केलं तर सावली आखूड होत जाते आणि सरकतेही, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. धाकटी तोवर त्याच मातीत बसते.

किंवा मुंग्यांची रांग शोधा. मुंग्या चालताना मागे एक वास सोडतात आणि मागच्या त्याच वासावर येतात, तेव्हा रांगेत आडवं बोट हलकेच फिरवलं की वास पुसला जातो आणि मुंग्या तिथे येऊन थबकतात, इकडे तिकडे फिरतात, आणि थोड्या वेळात कोणीतरी पलीकडची वाट शोधते की परत रांग लागते. मोठा वेळ मोजेल की किती वेळात लागली, धाकटी नुसती बघेल आणि ओरडेल. चावणाऱ्या मुंग्या नाहीत ना तेवढं आधी बघून घ्या.

रस्त्याचं काम चालू असेल तिथे लांब, सुरक्षित जागी उभं राहून जेसीबी बघणं, पुलावरून खालून जाणाऱ्या गाड्या मोजणं, यातही दोन आणि सात दोघंही सारखेच रमतात. दोन वर्षांची म्हणते अजून, आणि सात वर्षांचा सांगतो ते हायड्रॉलिक आहे.

प्रश्न: बसमध्ये मोठी मुलगी दर वेळी उलटी करते, त्यामुळे जाणंच नको वाटतं.

दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त असतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, आणि डोळे पुस्तकावर किंवा मोबाईलवर असले की ते म्हणतात आपण स्थिर आहोत, या भांडणातून मळमळतं. म्हणून गाडीत मोबाईल नाही, चित्रं बघणं नाही, शक्यतो पुढच्या भागात गाडीच्या दिशेने तोंड करून बसवा आणि लांबचं झाड, लांबची इमारत बघायला लावा. खिडकी थोडी उघडी असू द्या. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. आणि अर्ध्या तासाच्या अंतरावरचीच ठिकाणं निवडा काही दिवस, तेवढ्यात भरपूर आहे.

प्रश्न: भर उन्हात किंवा पावसात कुठे न्यायचं? मॉलमध्ये गेलं की खर्च होतोच.

वाचनालय. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत मुलांचा वेगळा कोपरा असतो, काही ठिकाणी ठरलेल्या दिवशी गोष्टी वाचून दाखवतात, आणि तिथे बसायला कोणी पैसे मागत नाही. मुलाला स्वतःचं पुस्तक स्वतः निवडू द्या, उलटं धरून वाचलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे संग्रहालय. लोक म्हणतात पोरांना तिथे कंटाळा येतो, येणारच, आपण सगळी दालनं फिरवतो ना. एकच दालन करायचं. पाऊण तास. आत शिरताना एक गोष्ट शोधायला द्यायची, शेपूट असलेले प्राणी शोध, किंवा चपला घातलेल्या मूर्ती शोध, आणि सापडल्या की बाहेर. फुकट प्रवेशाचे दिवस किंवा तास असतात का ते आधी फोन करून विचारा, आणि १८ मे लक्षात ठेवा, त्या दिवशी १९७७ पासून जगभर संग्रहालय दिन साजरा होतो आणि बरीच संग्रहालयं त्या सुमारास मुलांसाठी काही ना काही ठेवतात. खास मुलांसाठीचं संग्रहालय ही कल्पनाही जुनीच आहे हो, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली पहिलं उघडलं.

उन्हाचं एक सोपं माप सांगते, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की सूर्य कडक आहे, सावलीत चला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची घसरगुंडी असेल तर मुलाला चढवायच्या आधी आपल्या हाताची मागची बाजू तिच्यावर टेकवून बघा. कोवळी कातडी फार पटकन भाजते. आणि बंद गाडीत मुलाला दोन मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही, काच थोडी खाली केली तरी नाही, मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं.

पावसाचं म्हणाल तर रिमझिम असेल तर जा ना बाहेर! जुने कपडे, डबकं, पानांच्या होड्या, घरी आलं की गरम पाण्याने आंघोळ. पण गडगडाट ऐकू आला की लगेच पक्क्या छपराखाली, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पुरती ३० मिनिटं थांबून मगच निघायचं.

प्रश्न: मी एकटी आई आहे, तीन आणि पाच वर्षांची दोन मुलं. गर्दीत एखादं हरवेल किंवा पाण्याजवळ जाईल या भीतीने मी कुठे जातच नाही.

तुमची भीती खोटी नाही, त्यामुळे घाबरू नका असं मी म्हणणार नाही. भीतीला काम देऊ या.

निघायच्या आधी मोबाईलवर दोघांचा फोटो काढा, आजच्याच कपड्यांत. भडक रंगाचे कपडे घाला, दोघांना एकाच रंगाचे, म्हणजे तुमचे डोळे एकच रंग शोधत राहतील. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने तुमचा नंबर लिहा. मुलांना एवढंच शिकवा की आई दिसली नाही तर चालायचं नाही, जिथे आहोस तिथेच थांबायचं आणि मोठ्याने हाक मारायची, आणि मदत लागली तर सोबत लहान मुलं असलेल्या एखाद्या बाईला सांगायचं. हे घरी खेळ म्हणून दहा वेळा करा. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही एवढंच शिकवलेलं मूल हरवल्यावर गप्प बसतं, हे मी वर्गाच्या सहलीत पाहिलंय, तो मुलगा खांबामागे उभा होता आणि आम्ही त्याच्या नावाने ओरडत असताना त्याने ओ दिली नाही.

पाण्याचं मात्र स्पष्टच सांगते. तुम्ही एकट्या असताना दोघांना घेऊन तलावावर, नदीवर, समुद्रावर जाऊ नका, दुसरं मोठं माणूस सोबत असेल तेव्हाच जा. लहान मूल अगदी काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना बहुतेक वेळा आवाज होत नाही, हातपाय मारणं, ओरडणं यातलं काही ऐकू येईलच असं नाही. पाण्याजवळ मूल आपल्या हाताच्या अंतरात हवं आणि मोबाईल पिशवीत हवा.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे एकच फाटक असलेली, कुंपणाची बाग. फाटकाजवळच्या बाकावर बसा, मग पळून पळून जातील कुठे? तीन-चार वेळा गेलात की दुसऱ्या आया ओळखीच्या होतील, आणि मग एक दुसरीच्या मुलांवर नजर ठेवते, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय. मुलांना धावू द्या. १ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी असं ती जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ते घरात, चार भिंतींत होत नाही, म्हणून तुम्ही बाहेर पडावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: सहा वर्षांचा मुलगा विचारतो की वर्गातली सगळी मुलं मोठ्या राइड्सच्या पार्कमध्ये जाऊन आली, आपण का नाही. धाकटा दोन वर्षांचा आहे. नवरा म्हणतो कार्डावर पैसे घेऊ आणि जाऊन येऊ. काय करू?

कार्डावर नको. एका दिवसाचे हप्ते पुढचे सहा महिने फेडत बसलात तर त्या सहा महिन्यांतल्या बाकीच्या सहली जातील, आणि हप्त्यांवरून घरात जी धुसफूस होईल ती मुलांना कळतेच.

मुलाला मात्र खोटं कारण सांगू नका, ते पार्क बंद आहे वगैरे. आत्ता तेवढे पैसे नाहीत, आपण साठवतोय, असं साध्या आवाजात सांगितलं तर सहा वर्षांचं मूल समजून घेतं, आपला आवाज जड झाला तरच ते घाबरतं. एक पारदर्शक बरणी घ्या आणि त्यातच साठवा, त्याला दिसलं पाहिजे भरतेय ते. बाहेर जाताना रिक्षाऐवजी चालत गेलात तर वाचलेले पैसे त्याच्याच हाताने बरणीत टाकू द्या.

धाकट्याची काळजी करू नका. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या घटना मोठेपणी सहसा कोणाला आठवत नाहीत, त्याला आत्ता तुमची मांडी आणि मोकळी जमीन पुरते. तो मोठा होईल तेव्हा त्याची पाळी येईल. आत्ता दोघांपैकी एकानेच मोठ्याला घेऊन जावं आणि दुसऱ्याने धाकट्यासोबत बागेत, खर्चही निम्मा आणि मोठ्यालाही आई किंवा बाबा पूर्ण दिवस एकट्याला मिळतो. कितीतरी मोठ्या भावंडांना राइडपेक्षा हेच जास्त हवं असतं.

तिकीट काढायच्या आधी हे विचारून घ्या, मुलांचं तिकीट वयावर आहे की उंचीवर, सुट्टी सोडून इतर दिवशी दर कमी आहे का, आणि बाहेरचा डबा आत नेऊ देतात का. आणि उंची आत्ताच मोजा, घरी, भिंतीला उभं करून पेन्सिलीने खूण करून. मोठ्या राइड्सना किमान उंची लागते आणि दांड्याजवळ उभं राहून दोन बोटं कमी पडली की मूल पार हिरमुसतं, पैसेही गेलेले असतात. त्या पार्कला फोन करून त्याला ज्या राइडमध्ये बसायचंय तिची उंची विचारा, भिंतीवर तीही खूण करा, आणि बरणी भरेपर्यंत दर महिन्याला त्याला तिथे उभं करून बघा.